न दिसणाऱ्या उजेडाचा फोटो

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर ट्रायपॉड लावला होता. समोर काळ्या दगडाच्या पायऱ्या, संथ पाणी, पलीकडच्या काठावर हिरवीगार झाडी आणि वर पावसाने धुऊन काढलेलं निळं आभाळ. फ्रेम ठरवली, फोकस केला आणि लेन्सवर एक फिल्टर चढवला. त्याबरोबर व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख झाला. हा फिल्टर हातात घेतला तर काळी काचच वाटते. पेटलेल्या बल्बसमोर धरला तर कुठे गडद लाल ठिपका दिसतो, तेवढंच.

खालच्या पायरीवर कपडे धूत असलेल्या मावशींचं मघापासून लक्ष होतं. त्यांनी विचारलं, "काळी काच लावून काय दिसतंय हो दादा?"

"मला काहीच दिसत नाही, मावशी. आतल्या रोलला दिसतं."

हे उत्तर अगदी शब्दशः खरं होतं. दोन दिवसांनी रोल धुतला, प्रिंट काढली, तेव्हा पलीकडची झाडी दहिवर पडल्यासारखी पांढरीशुभ्र आली होती, आभाळ जवळजवळ काळं होतं आणि कृष्णेचं पाणी शाईसारखं. घाटाचे दगड तेवढे आपल्या जागी, आपल्या रंगात. जागा तीच, उजेड मात्र आपल्या डोळ्यांना कधीच न दिसणारा.

इन्फ्रारेड फिल्मचं वेड एकदा लागलं की सुटत नाही. पण सुरुवातीला दोन-तीन रोल वाया जातात आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण ते रोल नशिबाने वाया जात नाहीत. काय घडतंय हे नीट समजलेलं नसतं, म्हणून जातात. ज्यांनी साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल एकदा तरी वापरलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लालच्या पलीकडे

इंद्रधनुष्यात जांभळ्यापासून लालपर्यंत जे रंग दिसतात, ते म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ७०० च्या पुढे आपला डोळा थकतो, प्रकाश मात्र थांबत नाही. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. लाल पट्ट्याच्या बाहेर, जिथे काहीच उजेड दिसत नव्हता, तिथेही पारा चढला. लालच्या पलीकडच्या या किरणांना आपण मराठीत अवरक्त किरण म्हणतो. फोटोग्राफर मंडळींत मात्र इन्फ्रारेड हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरतो.

हर्शेलच्या थर्मामीटरमुळे एक गैरसमज मात्र पक्का बसलाय: इन्फ्रारेड फिल्म उष्णता टिपते. नाही टिपत. माणसाच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता साधारण १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. आज मिळणारी सगळ्यात लांब पोहोचणारी ब्लॅक अँड व्हाइट इन्फ्रारेड फिल्म ८२० नॅनोमीटरला थांबते. ताप आलेल्या माणसाचं कपाळ हिच्यावर उजळ येणार नाही, गरम चहाचा कप चमकणार नाही. अंधाऱ्या खोलीत काहीही येणार नाही. हिलाही इतर फिल्मसारखा प्रकाशच लागतो, वस्तूवर पडून परत आलेला. फक्त तो लालच्या किंचित पलीकडचा असतो.

म्हणजे आपण बोलतोय ते ७०० ते ८२० या एवढ्याशा पट्टीबद्दल. पण या पट्टीत जगाचे रंगरूप पार बदलतं, आणि सगळ्यात जास्त बदलतं पान.

पान पांढरं का होतं

पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की हरितद्रव्य इन्फ्रारेड परावर्तित करतं. हे बरोबर नाही, आणि खरं कारण जास्त सुंदर आहे.

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं. त्यातून अन्न तयार होतं. थोडा हिरवा परत येतो, म्हणून पान हिरवं दिसतं. पण ७०० नॅनोमीटर ओलांडले की हरितद्रव्याची भूक संपते. त्याच्या दृष्टीने तो प्रकाश असून नसल्यासारखा. आता पानाच्या आत बघा: पातळ भिंतींच्या, पाण्याने भरलेल्या असंख्य पेशी आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या. पाण्यातून हवेत, हवेतून पाण्यात असं जाताना प्रकाश दर वळणावर थोडा वाकतो, थोडा उलटा फिरतो. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो. तोच खलबत्त्यात कुटला की पांढरी पूड होते. साखर तीच, पण आता प्रकाशाला हजारो कडा भेटतात आणि तो सगळीकडे उधळला जातो. इन्फ्रारेडमध्ये पान म्हणजे ही कुटलेली खडीसाखर. शोषणारं कुणी नाही, उधळणाऱ्या कडा मात्र भरपूर. म्हणून आत शिरलेल्या प्रकाशातला जवळजवळ अर्धा परत बाहेर येतो आणि फिल्मवर झाड पांढरं उमटतं.

याला वुड इफेक्ट म्हणतात. लाकडाशी याचा काही संबंध नाही. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं हे नाव आहे. त्याने १९१० मध्ये असे फोटो पहिल्यांदा लोकांसमोर आणले.

हीच गोष्ट शेतीच्याही कामाला आली. पान आजारी पडलं, आतल्या पेशी कोसळू लागल्या की त्या कडा मोडतात आणि इन्फ्रारेड परत येणं कमी होतं. भारतातल्या दूरसंवेदनाचा पाया घालणारे पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास केरळमध्ये हेलिकॉप्टरमधून रंगीत इन्फ्रारेड फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो घेतले. रोग लागलेली झाडं वरून वेगळी ओळखू येतात का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही एक पट्टी याच जवळच्या इन्फ्रारेडची होती. पिकांचा अंदाज घेणारे उपग्रह आजही पानाची हीच चमक मोजतात. हातात जुना कॅमेरा घेऊन बांधावर उभं राहताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

आभाळ काळं होण्याचं कारण सोपं आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल कमी, इन्फ्रारेड त्याहून कमी. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत ७२० चा प्रकाश साधारण साडेसहा पट कमी विखुरला जातो. निळ्या आभाळातून फिल्मला द्यायला मग फारसं काही उरत नाही. ढगांतले पाण्याचे थेंब मोठे असतात, ते सगळ्याच तरंगलांबींना सारखं उधळतात. म्हणून ढग पांढरेच राहतात आणि काळ्या आभाळावर उठून दिसतात. दूरच्या डोंगररांगांवरची निळसर झाक इन्फ्रारेडमध्ये पुष्कळ कमी होते. पण धुकं आणि उन्हाळ्यातली धूळ जात नाही, कारण ते कणही मोठेच.

फिल्म आणि फिल्टर ही जोडी आहे

फिल्मवरचा चांदीचा क्षार मुळात फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश ओळखतो. लाल त्याला काळोखासारखाच. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की क्षारात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं, तर त्या रंगद्रव्याने शोषलेला प्रकाशही फिल्मवर उमटतो. तिथून हिरवा, मग लाल, मग इन्फ्रारेड असा फिल्मचा डोळा पुढे पुढे उघडत गेला.

यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की नवा डोळा उघडला म्हणून जुना मिटत नाही. इन्फ्रारेड फिल्मला निळा, हिरवा, लाल हे सगळंही दिसतं, आणि तेच जास्त जोरात दिसतं. माझा पहिला रोल मी फिल्टरशिवाय काढला. फिल्मचं नावच इन्फ्रारेड, म्हणजे ती आपोआप तसे फोटो देणार अशी समजूत होती. छत्तीसच्या छत्तीस फोटो नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइटसारखे आले: पानं राखाडी, आभाळ फिकट. रोलमध्ये काही दोष नव्हता. दिसणाऱ्या प्रकाशाच्या गर्दीत न दिसणारा बुडून गेला होता. ही गर्दी बाहेर ठेवायचं काम ती काळी काच करते.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. खरी जुनी मंडळी गेली. कोडॅकची हाय स्पीड इन्फ्रारेड सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत बघायची. ती २००७ मध्ये बंद झाली. तिच्या फोटोंत उजळ वस्तूंभोवती धूसर तेजोवलय यायचं. बरेच लोक त्याला इन्फ्रारेडचा गुण समजतात, पण ते त्या फिल्मच्या रचनेमुळे होतं. इतर फिल्मना पाठीमागून परावर्तन रोखणारा थर असतो, तो तिला नव्हता. क्रोएशियातल्या फोटोकेमिकाची एफ्के आयआर ८२० ही २०१२ मध्ये कारखान्याबरोबरच संपली.

आज नवशिक्याने दोनच नावं लक्षात ठेवावीत. एक रोलाय इन्फ्रारेड ४००, जी ८२० नॅनोमीटरपर्यंत पोहोचते. दुसरी इलफर्ड एसएफएक्स २००, जी ७४० पर्यंत जाते. एसएफएक्सला खुद्द इलफर्डही पूर्ण इन्फ्रारेड म्हणत नाही; लालच्या थोडं पलीकडे पाहणारी फिल्म म्हणते. दोन्ही ३५ मिमी आणि १२० (कागदात गुंडाळलेला रुंद रोल) अशा दोन्ही आकारांत येतात. माझं मत विचाराल तर पहिला रोल रोलायचा घ्या, आणि तो का ते फिल्टरच्या हिशेबात कळेल.

फिल्टर घ्यायचा तो ७२० नॅनोमीटरचा. होयाचा आर७२ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तो ७२० च्या आसपास उघडतो आणि पुढचं सगळं आत सोडतो. रोलाय ८२० पर्यंत बघते, म्हणजे फिल्टर आणि फिल्म यांच्यात १०० नॅनोमीटरची खिडकी मिळते. एसएफएक्स ७४० ला थांबते. तिथे ही खिडकी २० ची फट होते. काम होतं, पण परिणाम सौम्य आणि एक्स्पोजर जरा नाजूक.

याच हिशेबाने आणखी एक खर्च वाचेल. दुकानांत ७६०, ८५०, ९५० असे आकडे लिहिलेले फिल्टरही मिळतात. ते बदल करून घेतलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असतात. ८५० चा फिल्टर आणि ८२० पर्यंतची फिल्म यांची भेटच होत नाही. रोल कोरा निघेल. साधा लाल २५ क्रमांकाचा फिल्टर घरात असेल तर तो लावूनही रोलायवर आभाळ छान काळवंडतं आणि पानं थोडी उजळतात. व्ह्यूफाइंडरमधून दिसतंही. पण दहिवर पडल्यासारखं झाड हवं असेल तर ७२० ला पर्याय नाही.

मीटरवर भरवसा ठेवू नका

लाइट मीटर दिसणारा प्रकाश मोजतो, आणि आपण फोटो काढतोय न दिसणाऱ्याचा. दोघांचं नातं पक्कं नाही. सकाळी, दुपारी, ढगांत ते बदलत राहतं. कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरला फिल्टरमधून मोजू दिलं तर तो काहीतरी आकडा दाखवेल, पण तो आकडा धरून चालू नका.

त्याऐवजी असं करा. फिल्टर लावलेल्या रोलाय ४०० ला ४०० ची नव्हे, आयएसओ ६ ची फिल्म समजा. कडक उन्हाचा जुना नियम सगळ्यांना ठाऊक असतो: एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ ६ ला ते १/६ सेकंद झालं. एफ/११ ला त्याच्या निम्मं, म्हणजे १/१५ च्या जवळपास. इथून सुरुवात. पहिला फोटो एफ/११, १/१५. दुसरा १/८. तिसरा १/४. अॅपर्चर बदलायचं नाही, फक्त शटर. हे आकडे वाचूनच कळलं असेल की ट्रायपॉड आणि केबल रिलीज, म्हणजे कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार, लागणारच.

एका दृश्याला तीन फ्रेम म्हणजे ३५ मिमीच्या रोलमध्ये १२ दृश्यं, आणि १२० च्या ६×६ कॅमेऱ्यात फक्त ४. कंजूषपणा करावासा वाटतो. पहिल्या दोन रोलांत करू नका. आणि प्रत्येक फ्रेमचा नंबर, शटर, वेळ, ऊन कसं होतं हे छोट्या वहीत लिहा. मोबाइलमध्ये टिपलं तरी चालेल, पण जागेवरच टिपा. घरी जाऊन आठवत नाही.

फोकसचं प्रकरण घाबरवणारं वाटतं, पण तितकं नाही. इन्फ्रारेड प्रकाश लेन्समधून किंचित जास्त लांब जाऊन एकत्र येतो. जुन्या मॅन्युअल लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी एक लाल ठिपका, लाल रेघ किंवा आर हे अक्षर असतं; अनेकांनी ते वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं आणि कशासाठी आहे हे कधी विचारलेलं नसतं. ते याच्यासाठी. आधी फिल्टरशिवाय नेहमीसारखा फोकस करा. मुख्य खुणेसमोर, समजा, ५ मीटर आलं. आता रिंग फिरवून ते ५ त्या लाल खुणेसमोर आणा. झालं. खूण नसेल तर एफ/११ वर राहा. ५० मिमी किंवा त्याहून वाइड लेन्सवर ही चूक बहुतेक झाकली जाते. टेलीला मात्र खूण हवीच.

एसएलआरमध्ये, म्हणजे फोटोच्याच लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यात, दर वेळी फिल्टर काढ, फोकस कर, फिल्टर लाव असं चालतं. वाऱ्यात, खडकावर उभं राहून हे करणं कंटाळवाणं आहे. घरात वडिलांची किंवा आजोबांची दोन लेन्सची यशिका मॅट पडून असेल तर ती बाहेर काढा. बघायची लेन्स वेगळी आणि फोटोची वेगळी. फिल्टर खालच्या लेन्सवर, वरून स्वच्छ दिसत राहतं. इन्फ्रारेडसाठी मला याहून सोयीचा कॅमेरा माहीत नाही. रेंजफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असलेला कॅमेरा, असेल तरी हीच सोय मिळते.

जुन्या कॅमेऱ्यांबाबत एक काळजी घ्या. आगफा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्यांच्या आणि घडीच्या कॅमेऱ्यांच्या पाठीला रोलचे आकडे बघायला लाल खिडकी असते. साधी जुनी फिल्म लालला आंधळी होती म्हणून ती खिडकी लाल. आपली फिल्म तर लालच्या पलीकडचंही बघते. त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, रोल पुढे करताना सावलीत तेवढी उचला आणि लगेच परत चिकटवा. १९९० नंतरच्या काही ऑटोफोकस कॅमेऱ्यांत फिल्मची भोकं मोजायला आत इन्फ्रारेड दिवा असतो. त्याने फिल्मच्या कडेवर काळा पट्टा येऊ शकतो. पूर्ण यांत्रिक कॅमेरा असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आणि रोल भरायचा तो सावलीत. भर उन्हात नाही. रोलायच्या फिल्मचा आधार पारदर्शक प्लास्टिकचा आहे. काचेच्या कांडीतून उजेड जसा एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो, तसा तो बाहेर लोंबणाऱ्या टोकातून थेट डबीच्या आत शिरतो आणि सुरुवातीच्या फ्रेम जळतात. खोलीत पडदे ओढून भरा. बाहेर असाल तर चेंजिंग बॅग (हात घालून आत रोल भरायची काळोखी पिशवी), तीही नसेल तर झाडाच्या बुंध्याशी बसून, पदराआड दिवा धरतात तसा अंगाच्या आडोशाला. १२० चा रोल संपल्यावर कागद घट्ट गुंडाळून लगेच काळ्या डबीत. रोल फ्रीजमध्ये ठेवत असाल तर वापरण्याआधी तास-दीड तास बाहेर काढून ठेवा, डबी न उघडता. आपल्या दमट हवेत थंड फिल्मवर पाणी धरायला वेळ लागत नाही.

कधी, कुठे, काय

इन्फ्रारेडला ऊन लागतं. ढगाळ दिवशी आपल्याला वाटतं उजेड पुष्कळ आहे, पण सगळा उजेड सारखा पसरलेला असतो, काळं करायला निळं आभाळ नसतं आणि पानांना चमक येत नाही. श्रावणातल्या उघडिपीत तासभर ऊन मिळालं तर सोनं, पण भरवशाचा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचा: सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. हवा धुतलेली, गवत अजून हिरवं, झाडांवर कोवळी आणि जून अशी दोन्ही पानं, आणि ढगही अधूनमधून. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत पानगळ झालेली असते, हवेत धूळ असते. तेव्हा मी कोकणात उतरतो किंवा वड, आंबा, फणस यांच्याकडे जातो. ते बारा महिने साथ देतात.

नेहमीच्या फोटोग्राफीत दुपार टाळायला सांगतात. इथे सकाळी १० ते दुपारी ३ हीच कामाची वेळ. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा. ऑक्टोबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा उत्तरेकडचं आभाळ सगळ्यात गडद येतं. क्षितिजाजवळ ते नेहमीच फिकट राहणार.

फ्रेम बघताना रंग विसरायचे आणि वस्तू कशाची आहे ते विचारायचं. पान असेल तर पांढरं. पाणी काळं, कारण ते इन्फ्रारेड शोषतं आणि वर काळं आभाळ उमटतं. म्हणून पानांच्या पार्श्वभूमीवर पांढरा चुन्याचा वाडा घेतलात तर वाडा हरवून जाईल, दोन्ही पांढरेच. त्याच पानांपुढे काळ्या पाषाणाचं देऊळ, दीपमाळ, घाट घ्या, लगेच उठून येतात. आपल्या मुलुखातल्या काळ्या दगडाच्या बांधकामांसाठी ही फिल्म मला फार जवळची वाटते.

माणसांच्या बाबतीत सांभाळून. त्वचा मेणासारखी गुळगुळीत येते, ओठ फिके पडतात, डोळे काळेभोर दिसतात, काही जणांच्या हातावरच्या शिराही उमटतात. कपड्यांचा रंग तर पूर्ण फसवतो. काळ्या कपड्यांना वापरलेली कितीतरी रंगद्रव्यं इन्फ्रारेड शोषत नाहीत, त्यामुळे काळी साडी राखाडी किंवा पांढरीही निघते. कुणाचा फोटो काढून द्यायचा शब्द दिला असेल तर आधी एक साधी फ्रेम काढून ठेवा.

धुणं

ही फिल्म साध्या ब्लॅक अँड व्हाइट रसायनांतच धुतली जाते: डी-७६, आयडी-११, रोडिनल, जे हाताशी असेल ते. वेळ फिल्मच्या सूचनेप्रमाणे, आणि तिथे जास्तीची दोन मिनिटं देण्याचा मोह नको. कडक उन्हातला इन्फ्रारेड फोटो मुळातच तीव्र असतो, जास्त धुतला तर ढगांतला तपशील जातो. बाहेर धुवायला देणार असाल तर रोल ब्लॅक अँड व्हाइट आहे हे डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तोंडानेही सांगा. रंगीत रोलच्या रसायनात गेला तर सगळी चांदी निघून जाते आणि हातात पारदर्शक पट्टी येते. माझा असा एक रोल गेलाय, पन्हाळ्याचा. परत जाऊन तोच पाऊस, तेच ढग मिळत नाहीत.

घरी धुताना आपली खरी अडचण पाण्याची. सूचना २० अंशांच्या असतात आणि नळाचं पाणी २८. एका घमेल्यात पाणी आणि बर्फाचे खडे घेऊन त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या अर्धा तास ठेवा. सगळं एकाच तापमानाला असू द्या. डेव्हलपर २० ला आणि धुणं २८ ला असं नको. टँकमध्ये फिल्म भरताना पूर्ण काळोख. लाल दिवा चालणार नाही, हे आता सांगायला नको.

फिल्म सुकायला टांगली की लगेच वाचायला लागा. निगेटिव्हवर सगळं उलटं: पानं दाट काळी हवीत, आभाळ जवळजवळ कोऱ्या काचेसारखं. पानं फिकी राखाडी असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. पानं इतकी काळी झाली असतील की त्यांच्यातून खिडकीचा उजेडही दिसत नाही, तर जास्त झालं. तिन्ही फ्रेम शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे फरक चटकन कळतो. वही उघडा आणि जी फ्रेम बरोबर आली तिच्यावर खूण करा. पुढचा रोल तिथून सुरू होईल, १/१५ पासून नव्हे. माझ्या वहीत त्या दिवसाची खूण केलेली ओळ अशी आहे: मेणवली, साडेदहा, ऊन कडक, मधून ढग, एफ/११, १/८.